दुसऱ्याचं मन आणि आपली निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही तत्त्वज्ञानाची बैठक भरवतो. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत राहतात. कापूस वेचणीच्या दिवसांत कमी, उन्हाळ्यात जास्त. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमानं वाचायची गरज नाही. एका उत्तरात जे येऊन गेलं, त्यासाठी दुसरीकडे फक्त आकडा दिला आहे.

१. अस्तित्ववाद म्हणजे नेमकं काय? साध्या भाषेत सांगा.

लोहार वखराची पास घडवतो तेव्हा ती कशासाठी, हे त्याला आधीच ठाऊक असतं. काम आधी ठरतं, वस्तू मागून होते. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रनं २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमधल्या व्याख्यानात कागद कापायच्या सुरीचं उदाहरण घेऊन हेच सांगितलं आणि पुढे म्हटलं, माणसाचं उलटं आहे. माणूस आधी असतो. तो कोण, हे त्याच्या वागण्यातून ठरत जातं आणि मरेपर्यंत पुरतं ठरत नाही. अस्तित्ववादाचा गाभा हाच. पुढची बरीच उत्तरं या ‘पुरतं ठरत नाही’वर उभी आहेत.

सार्त्रच्या शंभर वर्षं आधी डेन्मार्कचा किर्केगार्द (१८१३–१८५५) आणि नंतर जर्मनीचा नीत्शे यांनी ही वाट पाडली. जर्मनीचाच तत्त्वज्ञ हायडेगर, त्याचा मोठा ग्रंथ १९२७चा. त्याच हायडेगरनं १९३३ साली नाझी पक्षात नाव नोंदवलं. अस्सल जगण्यावर एवढा ग्रंथ लिहून माणूस त्या बाजूला जाऊन बसू शकतो, हे या विषयात शिरणाऱ्यानं पहिल्याच दिवशी ऐकून ठेवलेलं बरं.

२. जन्म, जात, बापाचं कर्ज, सगळं आधीच ठरलेलं. मग निवडायला उरतं काय?

जन्म निवडता येत नाही, हे सार्त्रलाही मान्य आहे. कोरडवाहू दोन एकर, सोसायटीचं थकीत कर्ज, अमुक आळीतलं घर हे सगळं खरंच असतं. त्याचं म्हणणं इतकंच की या गोष्टी आपलं पुढे काय होणार ते स्वतः सांगत नाहीत. त्यांचं काय करायचं, हे ठरवणं आपल्याकडे उरतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याकडचंच आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो हे हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांनी त्यांच्यासोबत घेतली. बाबासाहेबांना अस्तित्ववादी म्हणायचं कारण नाही. त्यांचा विचार बुद्धातून आणि लोकशाहीच्या परंपरेतून आला. पण जन्मानं काय दिलं आणि माणसानं काय ठरवलं, यातलं अंतर दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. १९४३च्या ग्रंथात सार्त्र अशा सुरात लिहितो की साखळदंडातला गुलामही धन्याइतकाच स्वतंत्र. हे वाचून सालगड्यानं पुस्तक फेकलं तरी मी त्याला दोष देणार नाही. सार्त्रची सोबतीण, फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हार हिनं १९४७ मध्ये ही बाजू सावरली: काही माणसांना दुसरी माणसं जाणूनबुजून अशा कोंडीत ठेवतात, की आपल्यापुढे पर्याय आहेत हेच त्यांना दिसू नये. तिथे दोष कोंडणाऱ्याचा. आणि दुसरे कोंडलेले असताना माझं एकट्याचं स्वातंत्र्य अर्धवटच राहतं.

३. यासाठी देव नाही असं मानावं लागतं का? आमच्या घरी पंढरीची वारी आहे.

नाही. सार्त्र नास्तिक होता, किर्केगार्द कट्टर ख्रिस्ती. श्रद्धा ही पुराव्यानं मिळत नाही, ती एकट्यानं, थरथरत घ्यायची उडी आहे, असं किर्केगार्दनं १८४३ साली लिहिलं. घरात वारी आहे म्हणून तुम्ही जाता की तुम्हाला जायचं आहे म्हणून, एवढंच तो विचारेल.

४. वरून नियमच नाही, तर मग काहीही केलं तरी चालतं?

सार्त्रकडे एक विद्यार्थी आला होता. मोठा भाऊ १९४०च्या जर्मन चढाईत मारला गेलेला, वडील आईपासून तुटलेले, आईला आधार याचाच. त्याला इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत भरती व्हायचं होतं. गेलो तर आई खचेल; राहिलो तर भावाचा बदला घ्यायचा राहून जाईल. ‘शेजाऱ्यावर प्रेम कर’ म्हणावं तर शेजारी कोण, आई की सोबत लढणारा सैनिक? सार्त्रनं त्याला सांगितलं, तू मोकळा आहेस, ठरव.

हे ऐकून बैठकीत नेहमी कुणीतरी वैतागतं की हे काय उत्तर झालं! पुण्यात नोकरीला लागलेला मुलगा आणि वावर सांभाळत थकलेले मायबाप, हा प्रसंग आपल्याकडे घरोघरी आहे. त्यालाही ‘ठरव’ एवढंच सांगायचं?

सांगण्यात थोडं अधिक आहे. मी जे निवडतो ते ‘माणसानं असं वागावं’ असं म्हणूनच निवडतो, त्यामुळे जबाबदारी माझ्या एकट्यापुरती राहत नाही, असं सार्त्र म्हणतो. दुसरं, कुणाचा सल्ला घ्यायचा हेही आपणच निवडतो. परत येऊ नको म्हणणाऱ्या मामाला फोन करायचा की ये म्हणणाऱ्या काकाला, इथेच अर्धा निर्णय झालेला असतो. म्हणजे ‘काहीही चालतं’ असं नसून ‘काहीही दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही’ असं आहे. माझ्या मते तरीही सार्त्रचं घर इथे अर्धं बांधलेलंच राहतं. १९४३च्या ग्रंथाच्या शेवटी त्यानं नीतीवर स्वतंत्र पुस्तक लिहायचं वचन दिलं होतं. ते त्याच्या हयातीत आलं नाही. त्याची टिपणं निधनानंतर, १९८३ मध्ये छापली गेली. ते काम बोव्हारनं जास्त नेटानं केलं (प्रश्न २).

५. “आपल्या हातात काय हाय बाप्पा!” असं म्हणणं चुकीचं कायले?

हातात खरंच काही नसेल तर चूक नाही. हातात असून तसं म्हटलं, तर त्याला सार्त्र आत्मवंचना म्हणतो: स्वतःलाच वस्तू समजायचं आणि मोकळं व्हायचं.

रानडुकरांसाठी तारेत थेट लाइनचा करंट सोडण्याचं उदाहरण घेऊ. डुक्कर मरतं, तसा वाघ मरतो, शेजारचा माणूसही मरतो. नंतर ऐकू येतं: “सगळेच सोडतात.” “रात्री वावरात यायचं त्याले काय काम होतं?” “मंग पीक जाऊ द्याचं काय?” नुकसान खोटं नाही. कळप एका रात्रीत वावर नासवतो, पंचनाम्याला वेळ लागतो, झटका मशीनला पैसे लागतात. हे सगळं मान्य करूनही अस्तित्ववाद एक गोष्ट सोडत नाही: बटण परिस्थितीनं दाबलं नव्हतं.

पण ही आत्मवंचनेची काठी दुसऱ्याच्या पाठीवर चालवायची नसते. ती आपल्यासाठी आहे. दुसरा स्वतःला फसवतोय असं ठामपणे म्हणायला त्याचं मन कळावं लागतं, आणि ते किती कळतं हाच तर प्रश्न आहे (प्रश्न ७ आणि ८).

६. काम्यू म्हणे आत्महत्येवरूनच सुरुवात करतो. आमच्या जिल्ह्यात हा विषय पुस्तकातला नाही.

खरं आहे, म्हणून इथे जपून बोलतो. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूनं १९४२च्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच म्हटलं की जगणं जगण्यालायक आहे की नाही, हा तत्त्वज्ञानातला पहिला खरा प्रश्न. माणूस अर्थ मागतो, जग गप्प राहतं. या विसंगतीला त्याचं उत्तर स्पष्ट आहे: जगायचं, डोळे उघडे ठेवून आणि मान न झुकवता. (अस्तित्ववादी हे लेबल त्यानं १९४५ मध्येच नाकारलं होतं.)

मात्र काम्यूचा प्रश्न शेतकऱ्याच्या मरणावर जसाच्या तसा ठेवणं मला पटत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तेव्हा जगाला अर्थ नाही ही अडचण नव्हती. अडचण बियाण्याची, भावाची, पाण्याची आणि सावकाराची होती. ‘खचला’ म्हणून तिचं तत्त्वज्ञान केलं की ज्यांनी उत्तर द्यायचं ते सुटतात.

आणखी एक गोष्ट बोचते. घटनेनंतर मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा पाहून. मदतीच्या रकमेला काहीतरी निकष लागणार, हे समजतं. पण गावात तो शेरा वेगळाच अर्थ घेतो. ‘अपात्र’ ठरला म्हणजे कर्जासाठी नव्हेच, पीत होता, घरात भांडण होतं, असं चार दिवसांत पक्कं होतं. एका माणसाच्या शेवटच्या रात्री त्याच्या मनात काय होतं, हे त्या कागदावर नसतं आणि पारावरही नसतं.

तुमच्या स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर तत्त्वज्ञान बाजूला ठेवा, एकटे राहू नका, जवळच्या माणसाला लगेच सांगा. टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

७. दुसऱ्याला मन आहे हे तरी आपल्याला कशावरून कळतं?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचं उत्तर (१८६५) असं: मला काटा रुतला की दुखतं आणि मी ओरडतो, तुम्हीही काटा रुतल्यावर ओरडता, म्हणजे मधलं दुखणं तुम्हालाही असणार. दुबळं आहे ते. एकाच माणसाच्या, म्हणजे स्वतःच्या, अनुभवावरून साऱ्या दुनियेचा निष्कर्ष!

असाच युक्तिवाद सातव्या शतकात बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी ‘संतानांतरसिद्धि’त केला होता. माझ्या बोलण्या-हलण्याआधी माझा हेतू असतो; जिथे माझा हेतू नसताना बोलणं-हलणं दिसतं, तिथे दुसरं चित्त मानावं लागतं. पुढे अकराव्या शतकात रत्नकीर्तींनी याच्या उलट ग्रंथ लिहिला: अंतिम पातळीवर दुसरा चित्तप्रवाह, म्हणजे दुसऱ्याचं मन, सिद्धच करता येत नाही. दोघेही बौद्ध, आणि दुसऱ्याचं दुःख दोघांनाही महत्त्वाचं. सिद्ध होणं आणि महत्त्वाचं असणं या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या होत्या.

विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञानं (ग्रंथ १९५३, निधनानंतर) प्रश्नाचीच जागा बदलली. समोरच्याला मन आहे हे माझं ‘मत’ नसतं; माझं त्याच्याशी सगळं वागणंच तसं असतं. ज्या घरी मयत झाली तिथे चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकर घेऊन जातात. आधी दुःखाचं अनुमान काढलं आणि मग पिठलं टाकलं, असं कुणी करत नाही.

८. आमच्या गावात कोणाच्या घरी काय शिजलं हेही सगळ्यांना माहीत असतं. मग दुसऱ्याचं मन कळत नाही हा शहरातल्या लोकांचाच प्रश्न नाही का?

आजवर आलेला सगळ्यात चांगला प्रश्न हाच.

पुस्तकातल्या संशयवाद्याला भीती असते की दुसऱ्याचं मन कळणारच नाही. गावातला आजार याच्या उलट आहे. आपल्याला वाटतं, सगळं कळलेलं आहे. सोळाव्या वर्षी कुणी दुसऱ्याच्या वावरातला कापूस उचलला, तो चाळिशीतही ‘तो कापूसवाला’ असतो. माहेरून परतलेली मुलगी का परतली, हे तिच्याआधी बसस्टॉपला माहीत असतं. “त्याले का विचारतं, मी ओळखतो ना त्याले!” हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा ऐकतो.

सार्त्रनं कुलपाच्या भोकातून डोकावणाऱ्या माणसाचा प्रसंग लिहिला आहे. तो बघण्यात गुंग असतो, तोवर तो कुणीच नसतो, फक्त बघणं असतं. मागे पावलं वाजतात आणि एका क्षणात तो ‘चोरून बघणारा’ होतो. दुसऱ्याच्या नजरेनं त्याला एक नाव चिकटवलं. पॅरिसच्या इमारतीत ते पावलांचं एखाद्या दिवशी होतं. हजार वस्तीच्या गावात ते जन्मभर चालतं, आणि नजर कुणा एकाची नसते.

आता प्रश्न १ आठवा. माणूस पुरता ठरत नाही हे खरं असेल, तर ‘मी त्याला पुरता ओळखतो’ हे वाक्य खोटं आहे. आणि त्याच्यावर अन्यायही आहे, कारण आपण त्याचं उरलेलं आयुष्य परस्पर संपवून टाकतो. ज्ञानातली चूक आणि नीतीतली चूक इथे एकच होते. मला वाटतं, अस्तित्ववाद गावात शिकवायचा तो एवढ्यासाठी.

यावर ज्येष्ठ मंडळी हसून विचारतात, “मंग उधार द्याचं काय कापूसवाल्याले?” त्यांचं बरोबर आहे. व्यवहाराला अंदाज लागतो, आणि अंदाज मागच्या वागण्यावरूनच बांधतात. उधारी नाकारा. पण या वर्षी तो वेगळा वागला तर ते दिसण्याइतकी जागा डोळ्यांत ठेवा.

९. ‘दुसरी माणसं म्हणजे नरक’ असं सार्त्र म्हणाला ना?

त्याच्या १९४४च्या नाटकातलं एक पात्र म्हणतं. पुढे सार्त्रनं स्वतः खुलासा केला: सगळे संबंध नरक असतात असं नाही, संबंध वाकडे झाले आणि आपण फक्त दुसऱ्याच्याच मतावर स्वतःला मोजत राहिलो, की तसं होतं. सुविचाराच्या फोटोवर हा खुलासा मावत नाही.

१०. लहान मुलांना दुसऱ्याचं मन कधी कळायला लागतं?

साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास, निदान एका ठरावीक अर्थानं. विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मुलांना गोष्ट सांगितली: एका मुलानं चॉकलेट एका कपाटात ठेवलं, त्याच्या माघारी आईनं ते दुसरीकडे हलवलं; तो आता कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा चॉकलेट जिथे खरोखर आहे तीच जागा दाखवतात. मोठी मुलं म्हणतात, पहिल्या जागी, कारण त्याला हलवलेलं माहीत नाही.

१९८५ मध्ये अशाच चाचणीत ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या २० पैकी १६ मुलांचं उत्तर चुकलं, आणि ‘या मुलांना दुसऱ्याचं मन कळत नाही’ असा बोलबाला झाला. २०१२ मध्ये स्वतः ऑटिस्टिक असलेल्या डेमियन मिल्टन या अभ्यासकानं उलटा प्रश्न टाकला: इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? न कळणं दोन्हीकडून असताना दोष एकाच बाजूला का? गावात ‘वेडं’ म्हणून बाजूला बसवलेल्या मुलाकडे हे वाचून एकदा पाहावं.

११. बैलाला मन असतं का? आणि वाघाला?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांच्या कानात सांगतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ बैलाला आवतण कळतं असं म्हणणारा कास्तकार मला भेटलेला नाही. आवतण न देणाराही भेटलेला नाही.

वटवाघूळ असणं वटवाघळाला कसं वाटतं, हे आपल्याला त्याच्या मेंदूची सगळी माहिती मिळाली तरी कळणार नाही, असं थॉमस नेगल या तत्त्वज्ञानं १९७४ मध्ये मांडलं. पण त्याला काहीच वाटत नाही असं तो म्हणत नाही. हा फरक मोठा आहे. महानुभाव घरांत चक्रधरस्वामींची लीळा सांगतात: शिकाऱ्यांपुढून पळालेला ससा त्यांच्या मांडीखाली शिरला आणि स्वामींनी तो दिला नाही. सशाच्या आतलं काय ते कळलं म्हणून नव्हे; तो आसऱ्याला आला होता.

वाघाचं अवघड आहे. सुंदरबनात १९८०च्या दशकात जंगलात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागे मुखवटे बांधायला दिले, कारण वाघ पाठमोऱ्यावर येतो. मुखवट्याचा काही काळ उपयोग झाला. म्हणजे ‘हा माझ्याकडे बघतोय’ असं काहीतरी वाघाच्या वागण्यात येत असावं. पण १३ बळींचा ठपका असलेली ‘टी-१’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात गोळी घालून मारली, तेव्हा शहरातून तिच्या मनाबद्दल भरपूर लिहिलं गेलं. राळेगाव-पांढरकवडा भागात जागलीला जाणाऱ्या माणसाच्या मनाबद्दल कितीसं लिहिलं गेलं? सहानुभूती कोणाला आधी मिळते, हेही तपासावं लागतं.

१२. मोबाइलमधला एआय मराठीत गोड बोलतो. त्याला मन आहे का?

गणितज्ञ ॲलन ट्युरिंगनं १९५० मध्ये हा प्रश्न बदलून ‘बोलण्यावरून माणूस आणि यंत्र वेगळं ओळखता येईल का’ असा केला. तत्त्वज्ञ जॉन सर्लनं १९८० मध्ये उत्तर दिलं: चिनी न येणारा माणूस नियमांचं पुस्तक पाहून चिनी उत्तरं देऊ शकेल, पण त्याला चिनी कळलं असं होत नाही. बोलणं ही मनाची खूण धरणारा धर्मकीर्तींचा युक्तिवाद (प्रश्न ७) इथे अडखळतो. मी सर्लच्या बाजूनं झुकतो.

१३. नवरा दारू पिऊन मारतो. सगळे म्हणतात, त्याच्या मनातलं समजून घे. हेच का तुमचं तत्त्वज्ञान?

नाही. हा प्रश्न बायांकडूनच येतो, आणि फोन नंबर दुसऱ्याचा असतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ एमान्युएल लेव्हिनासनं १९६१च्या ग्रंथात लिहिलं की समोरचा चेहरा मला कळण्याआधीच माझ्याकडे काही मागतो. मुख्य म्हणजे, मला मारू नको. बाबा आमटे सांगत की गटारीजवळ पडलेला कुष्ठरोगी पाहून ते आधी घाबरून पळाले, आणि त्या भीतीची लाज वाटून परतले. आनंदवनाच्या मागे हा प्रसंग आहे. पण इथे नीट पाहा, चेहरा कुणाचा मागणं मागतोय? तुमच्या घरात तो चेहरा तुमचा आहे. हात उचलणाऱ्यानं तो वाचायचा आहे.

समजून घेणं आणि सहन करणं या वेगळ्या गोष्टी. तो का पितो हे तुम्हाला कळलेलं असू शकतं. पीक गेलं, बापानंही तेच केलं. कारणं कळली म्हणून कृत्य त्याचं राहत नाही असं नाही (प्रश्न ५). आणि दुसऱ्यासाठी स्वतःचं स्वातंत्र्य पुसून टाकणं म्हणजे प्रेम, ही समजूत बायकांना कशी शिकवली जाते, ते बोव्हारनं १९४९ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

‘समजून घे’ म्हणणाऱ्यांना उलट विचारा, माझं कोणी समजून घेतलं? महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं, घर तुमच्या नावावर नसलं तरी, तुम्हाला त्या घरात राहायचा हक्क आहे. अर्ज जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येतो, आणि त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही.